पीएच.डी.नंतरची वाट : विज्ञानातील पोस्टडॉक्टरल संधी कशा शोधाव्यात

पीएच.डी. पदरात पडली की पेडणे-डिचोलीतील घरांतून पहिला प्रश्न येतो तो नोकरीचा. विज्ञान शाखेत त्याचे उत्तर बहुधा पोस्टडॉक्टरल संशोधनाच्या टप्प्यातून जाते. पदवीनंतर एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत ठरावीक मुदतीसाठी केलेले हे सवेतन संशोधन होय. माशेल येथे जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर यांनीही 1969 मध्ये पीएच.डी. झाल्यावर इंग्लंडमधील सॅल्फर्ड विद्यापीठात संशोधन केले आणि 1976 मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रुजू झाले.

या संधी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार प्रकल्पातील पदांचा. त्यांच्या जाहिराती संस्थांच्या संकेतस्थळांवर येतात आणि प्रकल्प संपला की पदही संपते. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, वास्कोतील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठ, जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आणि झुआरीनगरचे बिट्स पिलानी संकुल यांची संकेतस्थळे त्यासाठी नियमित पाहावीत.

दुसरा प्रकार स्वतःच्या नावावर मिळणाऱ्या अधिछात्रवृत्तीचा. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल अधिछात्रवृत्ती दोन वर्षांची असते. तिची वयोमर्यादा 35 वर्षे असून महिला, दिव्यांग, अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांना पाच वर्षांची सवलत मिळते. जर्मनीच्या हुम्बोल्ट अधिछात्रवृत्तीसाठी पीएच.डी. होऊन चार वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा. वय आणि पदवीची तारीख या दोन्ही अटींमुळे येथे दिरंगाई महाग पडते. प्रबंध सादर करण्याच्या वर्षभर आधीच शोध सुरू करावा.

अधिछात्रवृत्तीसाठी मार्गदर्शकाची संमती आधी मिळवावी लागते. शंभर जणांना एकच मजकूर पाठवून ती मिळत नाही. ज्याचे शोधनिबंध आपण खरोखर वाचले आहेत, अशा शास्त्रज्ञाला एक पानाचे पत्र लिहावे. आपण काय केले, त्यांच्या कामात आपण कोणती भर घालू शकतो आणि निधी कोठून मागणार आहोत, एवढे त्यात पुरे. सोबत संशोधन-परिचय आणि शिफारस देऊ शकणाऱ्या दोन-तीन प्राध्यापकांची नावे जोडावीत. दोन आठवड्यांत उत्तर न आल्यास एकदाच नम्र स्मरण द्यावे.

प्रस्तावाचा विषय दूर शोधण्याची गरज नसते. डिचोलीतील खाणींच्या खंदकांत साचलेले पाणी, तेरेखोल खाडीतील खारफुटी, मोरजीच्या किनाऱ्यावर अंडी घालणारी ऑलिव्ह रिडले कासवे हे सारे गंभीर विज्ञानाचे प्रश्न आहेत. ज्याने ते लहानपणापासून पाहिले, त्याच्या प्रस्तावाला अनुभवाचे बळ असते. मात्र त्या बळाला मोजमापाची आणि प्रकाशित शोधनिबंधाची जोड हवी.

पद स्वीकारण्यापूर्वी मुदत, मासिक वेतन, निवासभत्ता आणि मुदतवाढीच्या अटी लेखी घ्याव्यात. प्रयोगशाळेत पूर्वी काम केलेल्या संशोधकांशीही बोलून घ्यावे. पोस्टडॉक ही कायम नोकरी नव्हे; तेथील दोन वर्षांत स्वतंत्र संशोधक म्हणून उभे राहता आले, तरच ती सार्थकी लागतात.