काजळीतील कवट्या

रस्त्यावरील चित्रकलेचा इतिहास सांगताना आपण सहसा रंगापासून आरंभ करतो. १९८१ च्या सुमारास ब्लेक ल रा याने पॅरिसच्या भिंतींवर साच्यांतून उंदीर उमटवले, तेही फवाऱ्याच्या रंगानेच. भिंतीवर काहीतरी चढवायचे, हे गृहीतच होते.

२००६ साली ब्राझीलमधील साओ पावलो येथे अलेशांद्रे ओरिऑन याने नेमके उलटे केले. तेथील माक्स फेफर बोगद्याच्या भिंतींवर वाहनांच्या धुराची काजळी थराथराने साचली होती. रात्रीच्या वेळी तो ओल्या फडक्याने ती पुसत गेला आणि पुसलेल्या जागी कवट्या दिसू लागल्या; दहावीस नव्हे, हजारोंनी. या कामास त्याने ‘ओसारियो’, म्हणजे अस्थिगृह, असे नाव दिले.

पोलिसांनी त्याला हटकले खरे. पण भिंत स्वच्छ करणे हा गुन्हा कोणत्या कलमाखाली बसवायचा? अखेर प्रशासनाने पाण्याचे फवारे मारून भिंत धुतली आणि गंमत अशी, की प्रथम धुतला तो चित्राचाच भाग! उरलेल्या काजळीची पाळी नंतर आली.

कवटी हे प्रतीक जुने, आमच्या मते काहीसे सोपेही. आम्हांस मोल वाटते ते साधनाचे. ज्या धुराविरुद्ध तक्रार, तोच येथे चित्राची पार्श्वभूमी झाला. चित्र मिटवायचे तर काजळीच काढावी लागे.

ओरिऑनने ती फडकीही टाकली नाहीत. ती धुऊन, पाणी आटवून, तळाशी उरलेल्या काजळीचा रंग त्याने पुढील चित्रांसाठी वापरला.