नादारीच्या कायद्यात पुणे मुफस्सलच

पुण्यातल्या जुन्या शाळांत शिकलेल्यांना ‘नादारी’ म्हटलं की फीमाफी आठवते. फारसीत नादार म्हणजे जवळ काही नसलेला, एवढंच. कोर्टाच्या मराठीत नादार म्हणजे कर्ज फेडू न शकणारा. बाजारात त्यालाच दिवाळखोर म्हणतात, आणि शब्द बदलताच अब्रू जाते.

कोर्टकचेरीच्या आधी धनको दारात धरणं धरून बसे. थोरले बाजीरावही सावकारांच्या तगाद्यानं गांजले होते. आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेल्या पत्रांत ते दिसतं. दामदुप्पटीचं कुंपण तरी होतं: थकलेलं व्याज मुद्दलाच्या वर मागता येत नसे. इंग्रजी दिवाणी कोर्टं आली आणि सावकाराच्या हाती हुकूमनामा पडला, मागोमाग बेलीफ. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी चिडून कर्जरोखे जाळले. १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्यानं पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैदेत घालणं थांबवलं, शिवाय नादारीचं स्वतंत्र प्रकरणही घातलं. न्या. रानडे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश होते.

शेतकऱ्याची जमीन जप्त होई. नोकरदाराकडे जप्त करण्याजोगी एकच गोष्ट, महिन्याची एक तारीख. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६०नं तिच्यातला काही भाग धनकोच्या हाताबाहेर ठेवला. १९३७ साली पहिले १०० रुपये आणि उरलेल्यातला अर्धा भाग सुरक्षित होता. पुढे १००चे २०० झाले, १९७६ साली ४०० आणि अर्ध्याऐवजी दोनतृतीयांश, २००२पासून १,०००. आज ४०,००० पगार असेल तर हजार वजा करून उरलेल्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे १३,०००, दरखास्तीत कापता येतो. एकाच हुकूमनाम्यापोटी २४ महिने कपात झाली की त्या हुकूमनाम्यासाठी पगार कायमचा सुटतो. पोटगीच्या हुकूमनाम्यापुढे हे संरक्षण नाही. तिथे फक्त एकतृतीयांश वाचतो. पतसंस्थेची कपात निराळी. ती सभासदानं स्वतः लिहून दिलेली असते, सहकार कायद्याच्या कलम ४९खाली.

मग नादारीचा अर्ज केला तर कपात थांबते का? इथे पुणेकराला न आवडणारी गोष्ट. मुंबईला १९०९चा इलाखा शहरांचा कायदा, पुण्याला १९२०चा प्रांतिक कायदा. नादारीच्या बाबतीत आपण अजून मुफस्सलच, म्हणजे इलाखा शहराबाहेरचा मुलूख. ५०० रुपयांचं कर्ज असलं तरी शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो, १९२० सालचाच आकडा. पण नुसत्या अर्जानं जप्ती उठत नाही. कोर्टानं नादार ठरवलं की एकट्या धनकोला परवानगीवाचून मालमत्तेला हात लावता येत नाही. जप्त होऊ शकणारा तो तिसरा हिस्सा कोर्टाच्या रिसीव्हरकडे जाऊन सगळ्यांत वाटला जाऊ शकतो. थोडक्यात, कपात संपेलच असं नाही, कापणारा बदलतो. सुरक्षित दोनतृतीयांश रिसीव्हरलाही मिळत नाहीत, भविष्य निर्वाह निधीही नाही. पूर्ण सुटका व्हायची तर पुढे कोर्टाकडून मुक्ततेचा हुकूम घ्यावा लागतो, आणि पोटगीची देणी त्यानंतरही मानेवर राहतात.

२०१६च्या दिवाळखोरी संहितेत हे सोपं लिहिलं आहे: अर्ज दाखल होताच अंतरिम स्थगिती. वर्षाला ६०,०००पर्यंत उत्पन्न आणि ३५,०००पर्यंत कर्ज असणाऱ्यांसाठी नव्यानं सुरुवात करण्याची वाटही. पण व्यक्तींचा हा भाग १ डिसेंबर २०१९पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू झाला. कंपनीचा मालक तिच्या कर्जाला जामीन राहिला असेल तर त्याला २०१६ची संहिता. त्याच्याच कंपनीतल्या, पगारावर जप्ती आलेल्या कारकुनाला १९२०चा कायदा.