विमानावर नाव हैदराबादचे, खुर्ची कोणाची?

लंडनच्या आरएएफ म्युझियममध्ये पहिल्या महायुद्धातले एक बॉम्बफेकी विमान जपून ठेवले आहे. जात डीएच-९ए, क्रमांक एफ-१०१०. ऑक्टोबर १९१८ मध्ये ते जर्मनांच्या हाती लागले, बर्लिनच्या संग्रहालयात गेले, तिथून पोलंडमध्ये पोचले आणि १९७७ मध्ये इंग्लंडला परतले. या विमानाचे नाव आहे 'हैदराबाद १२ ए'.

हे हैदराबाद आपलेच. ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची पहिली विमाने सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी भेट दिली होती, म्हणून स्क्वाड्रनच्या नावातही हैदराबाद आले. परभणी तेव्हा निजामाच्या औरंगाबाद सुभ्यातला जिल्हा होता. खजिना खासगी असो की सरकारी, तो भरायचा शेतसाऱ्यावर. आपल्या काळ्या रानातल्या कापसाचा आणि ज्वारीचा कुठला तरी वाटा त्या विमानांत गेला असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

नाव आपले, पैसा आपला. पण आत बसून विमान उडवणार कोण, हे ठरवण्याचा हक्क लंडनचा होता. माझ्या मते हिंदी वैमानिकांची सगळी तारीख या एका खुर्चीभोवती फिरते.

पहिल्या महायुद्धात हरदित सिंग मलिक हा ऑक्सफर्डचा विद्यार्थी उडायला निघाला तेव्हा त्याला नकार मिळाला. मग त्याने फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवली आणि फ्रेंचांच्या हवाई दलात जाण्याची खटपट सुरू केली. हे कळल्यावर त्याच्या ऑक्सफर्डच्या शिक्षकांनी वरिष्ठांना पत्र लिहिले आणि १९१७ मध्ये दार उघडले. आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकरही वैमानिक झाले. २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये ते डॉल्फिन विमान चालवत. १९१८ मध्ये ते मारले गेले. फ्रान्समध्ये हंगार इथे त्यांची कबर आहे. असे हिंदी वैमानिक चार-दोनच होते.

युद्ध संपले आणि दार पुन्हा बंद झाले. हिंदी हवाई दल स्थापन झाले ८ ऑक्टोबर १९३२ ला. १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडवर पहिली स्क्वाड्रन उभी राहिली तेव्हा तिच्याकडे चार वापिटी विमाने आणि पाच हिंदी वैमानिक होते. त्या पाचांत एक ऐजाद बक्ष अवान.

मात्र लष्कराबाहेर उडण्याची हौस वाढत होती. १९२०च्या दशकाच्या अखेरीस दिल्ली, मुंबई, कराचीला फ्लाइंग क्लब निघाले. जे. आर. डी. टाटांनी फेब्रुवारी १९२९ मध्ये परवाना मिळवला. आगाखान यांनी हिंदुस्थान आणि इंग्लंडदरम्यान एकट्याने उडणाऱ्या हिंदी वैमानिकासाठी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. १९३० मध्ये ते अस्पी इंजिनिअर या १७ वर्षांच्या पारशी मुलाने जिंकले. हेच अस्पी पुढे आपल्या हवाई दलाचे प्रमुख झाले. परवाना असलेले असे तरुण देशात तयार होत होते, पण त्यांच्यासाठी हवाई दलात जागा नव्हती.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा हिंदी हवाई दलाकडे एकच स्क्वाड्रन होती. आता सरकारला या परवानाधारकांची आठवण झाली. त्यांच्यातून 'इंडियन एअर फोर्स व्हॉलंटियर रिझर्व्ह' उभे करण्यात आले. रिझर्व्ह म्हणजे राखीव दल. शांततेच्या काळात आपला धंदा-नोकरी करायची, गरज पडली की वर्दी घालायची. त्यांच्याकडे किनाऱ्याची राखण आली. मद्रास, मुंबई, कलकत्ता, कराची, कोचीन आणि पुढे विशाखापट्टणम इथे 'कोस्टल डिफेन्स फ्लाइट' तयार झाल्या. जहाजांच्या तांड्यांवर पहारा ठेवायचा, पाणबुडी दिसते का पाहायचे, संशयास्पद जहाजाची खबर द्यायची, हे त्यांचे काम.

विमाने मात्र तीच जुनी. वापिटी म्हणजे १९२०च्या दशकातले दोन पंखांचे, उघड्या कॉकपिटचे विमान, ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास जाणारे. इंग्लंडात तेव्हा ताशी साडेपाचशेहून अधिक वेगाचे स्पिटफायर लढत होते. एकच इंजिन असलेले म्हातारे विमान घेऊन समुद्रावर तासन् तास जायचे, खाली उतरायला जमीन नाही, आणि बहुतेक दिवशी शत्रूही दिसत नाही. या कामाला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तरी डिसेंबर १९४१ मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशाकडे वळल्या, तेव्हा यातलीच एक तुकडी वापिटी घेऊन मौलमीनला गेली.

ज्यांना खऱ्या लढाईत उडायचे होते त्यांची नजर परदेशाकडे होती. १९४० मध्ये परवानाधारकांतून निवडलेले २४ हिंदी वैमानिक बोटीने ब्रिटनला रवाना झाले आणि ऑक्टोबरमध्ये तिथे पोचले. त्यांत मनमोहन सिंग होते. आगाखान बक्षिसासाठी उतरलेल्यांपैकी ते एक. ब्रिटनमध्ये ते समुद्रावर उतरणाऱ्या मोठ्या विमानांवर गेले आणि ३ मार्च १९४२ ला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूम बंदरावर झालेल्या जपानी हल्ल्यात मारले गेले. दुसरे महिंदर सिंग पुज्जी. शिमल्यात जन्मलेले, दिल्ली फ्लाइंग क्लबमध्ये शिकलेले. ते हरिकेन विमानावर लढले, मग उत्तर आफ्रिकेत, मग ब्रह्मदेशात. १९४५ मध्ये त्यांना डीएफसी हे शौर्यपदक मिळाले. विमानातही ते पगडी उतरवत नसत आणि सोबत एक जादा पगडी ठेवत.

इथे एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्याच १९४० साली निजामाच्या देणगीमुळे 'हैदराबाद' म्हणवली जाणारी १५२ क्रमांकाची स्क्वाड्रन इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर स्पिटफायर घेऊन जर्मनांशी लढत होती. तिच्या बोधचिन्हावर निजामाची दस्तार आहे आणि खाली ब्रीद आहे: वफादार दोस्त. दस्तार चिन्हावर आधीच पोचली होती. दस्तार बांधलेले डोके कॉकपिटमध्ये पोचायला मात्र वैमानिकांचा तुटवडा पडावा लागला.

आता आपल्या संस्थानाच्याच मुलाकडे येऊ. इद्रीस हसन लतीफ यांचा जन्म ९ जून १९२३ चा, हैदराबाद शहरातला. शिक्षण निजाम कॉलेजात. युद्धामुळे हैदराबादच्या बेगमपेठ विमानतळावरही वैमानिकांची प्राथमिक शाळा सुरू झाली होती. जानेवारी १९४२ मध्ये १८ व्या वर्षी लतीफ हवाई दलात अधिकारी झाले. अंबाल्याच्या प्रशिक्षणानंतर नेमणूक मिळाली ती कराचीच्या कोस्टल फ्लाइटमध्ये, म्हणजे त्याच म्हाताऱ्या वापिटीवर, पाणबुड्या शोधण्याच्या कामावर. १९४३-४४ मध्ये ब्रिटनला पाठवलेल्या मोजक्या हिंदी वैमानिकांत त्यांची निवड झाली आणि तिथे ते हरिकेन व स्पिटफायर शिकले. परत येऊन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर उडाले. तिथे त्यांचे वरिष्ठ होते अस्गर खान आणि सोबती नूर खान.

१९४७ मध्ये मुसलमान अधिकाऱ्यांना विचारण्यात आले: कुठल्या देशाचे हवाई दल? अस्गर खान आणि नूर खान पाकिस्तानात गेले आणि पुढे दोघेही तिथल्या हवाई दलाचे प्रमुख झाले. त्यांनी लतीफ यांचेही मन वळवून पाहिले. लतीफ यांचे उत्तर असे होते की आपल्यासाठी मजहब आणि वतन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते राहिले. १ सप्टेंबर १९७८ ला ते भारताचे हवाई दलप्रमुख झाले, जग्वार विमाने त्यांच्याच काळात आली. १९८२ ते १९८५ ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते. ज्या राज्यात आज परभणी आहे, त्याच राज्याचे.

ही गोष्ट सांगितली की दोन आक्षेप येतात. पहिला असा, की हे सारे इंग्रजांच्या लढाईत उडाले. त्याच १९४२ साली देशातले लोक 'भारत छोडो' म्हणत तुरुंगात जात होते. आक्षेप खरा आहे. साम्राज्याने खुर्ची दिली ती मेहरबानीने नव्हे, स्वतःची गरज म्हणून. पण ते कौशल्य इंग्रजांसोबत बोटीने परत गेले नाही. १९४७ मध्ये स्वतंत्र भारताला तयार वैमानिक मिळाले ते याच मुलांमधून.

दुसरा आक्षेप आपल्याच घरातला आहे. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या मनात १९४८ आहे. रझाकारांचे अत्याचार, १३ ते १७ सप्टेंबरची पोलीस कारवाई आणि त्यानंतर मुसलमान वस्त्यांवर उगवलेला सूड, हे सगळे आहे. अशा आठवणी असताना लतीफ यांचे नाव घेणे म्हणजे वफादारीचा दाखला काढून दाखवणे आहे का, असे मला एका वडीलधाऱ्यांनी विचारले होते. माझे म्हणणे उलट आहे. दाखला देतो तो ज्याला आपली जागा मागून घ्यावी लागते. निजामाने विमाने दिली आणि 'वफादार दोस्त' हा किताब घेतला, तो खरा दाखला. लतीफ यांनी काही सिद्ध केले नाही. ते आपल्या मुलखात आपल्या खुर्चीवर बसले आणि काम केले.

आमच्या वर्गातल्या मुलांना टिपू सुलतानाचे रॉकेट माहीत असते, अब्दुल कलाम माहीत असतात, लतीफ माहीत नसतात. म्हणून नावासोबत मी रस्ताही सांगतो. आज बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतले की खडकवासल्याच्या एनडीएची परीक्षा देऊन हवाई दलाकडे जाता येते, आणि २०२२ पासून मुलीही तिथे शिकत आहेत. परीक्षा अवघड आहे, पण अर्ज करण्यासाठी ऑक्सफर्डच्या शिक्षकाची चिठ्ठी लागत नाही, की महायुद्धाची वाटही पाहावी लागत नाही. दहावीनंतर कोणती शाखा घ्यायची ही चर्चा आपल्या घरांत होते, तेव्हा ही एक वाटही त्यात येऊ द्या.