एका कागदी शंकूचा हट्ट

माझं हे बोलणं रेडिओवर ज्यांनी ऐकलं, त्यांतल्या बहुतेकांनी ते एकाच स्पीकरमधून ऐकलं असणार. स्वयंपाकघरातल्या फळीवरचा छोटा रेडिओ असो, की कुणी जिवापाड जपलेला जुना व्हॉल्व्हचा लाकडी सेट, आत कागदाचा एकच शंकू असतो. बातम्या, बासरी, तबला, जाहिराती, सगळं त्या एका कागदानेच म्हणून दाखवायचं. पुढे ज्यांच्या हातात पैसा आला त्यांनी दोन-तीन तोंडांचे स्पीकर घेतले, खर्जासाठी मोठं आणि वरच्या सुरांसाठी छोटं. एक तोंड म्हणजे गरिबाचा स्पीकर, अशी समजूत मग पक्की झाली. पण खिशात पैसे असूनही एकाच शंकूचा हट्ट धरणारी माणसं नव्वद वर्षांपासून जगात आहेत. ते स्पीकर हातांनी घडवले गेले, आजही घडवले जातात. त्यांची ही हकिकत.

आधी अडचण समजून घेऊ. माणसाचा कान साधारण वीस ते वीस हजार कंपनं ऐकतो. वीस कंपनांच्या सुराची लाट हवेत सुमारे सतरा मीटर लांब असते आणि वीस हजारांची जेमतेम पावणेदोन सेंटीमीटर. पहिल्या कामाला मोठा कागद लागतो, दुसऱ्याला चिमुकला आणि हलका. एकाच हाताने मोट ओढायची आणि त्याच हाताने सुईत दोरा ओवायचा, असा हा मामला.

आज आपण ज्याला स्पीकर म्हणतो तो १९२५ साली अमेरिकेत आकाराला आला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी कागदी शंकूच्या टोकाला तारेचं वेटोळं चिकटवलं आणि ते चुंबकाच्या फटीत लोंबतं ठेवलं. वेटोळ्यातून गाण्याची वीज गेली की ते मागेपुढे हलतं, त्याच्याबरोबर कागद हलतो आणि कागद हवेला हलवतो. तत्त्व आधी माहीत होतं. या दोघांनी ते घरात वापरण्याजोगं केलं. शंकूच्या मागून निघणारा आवाज पुढच्या आवाजाला खाऊन टाकतो, खर्ज तर पार नाहीसा होतो, म्हणून शंकूभोवती फळी किंवा पेटी हवी, हेही त्यांनी दाखवलं.

हे तत्त्व पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी मी ते एका शिंप्याच्या दुकानात पाहिलं होतं. चाचांनी मोडक्या रेडिओतला स्पीकर काढून पाण्याच्या माठाच्या तोंडावर बसवला होता. कुणाला हसू येईल, पण साठ-सत्तर रुपयांच्या ट्रान्झिस्टरला त्या माठाने असा घुमारा दिला होता की रस्त्यावरची माणसं थांबत. पानाच्या टपऱ्यांवरही असे माठ असत. खोट एवढीच, की माठाला स्वतःचा एक सूर असतो आणि तो प्रत्येक गाण्यात तोच सूर घुमवतो. गायक कुणीही असो, साथीला माठ ठरलेला!

लंडनमधले पॉल व्हॉइग्ट यांना हा ठरलेला घुमारा नको होता, पण ताकद हवी होती. जर्मन आईवडिलांच्या पोटी १९०१ साली लंडनमध्ये जन्मलेला हा माणूस विजेचं शिक्षण घेऊन १९२२मध्ये एडिसन बेल या तबकड्या काढणाऱ्या कंपनीत लागला. तिथे त्याने विजेवरच्या ध्वनिमुद्रणाची यंत्रणा आणि मायक्रोफोन तयार केले. आवाज तबकडीत कसा उतरतो ते रोज पाहणारा हा माणूस नंतर आयुष्यभर तो परत बाहेर कसा काढायचा, याच्या मागे लागला.

त्या काळचे ॲम्प्लिफायर दोन-चार वॉटचे असत. साधा स्पीकर त्यातली जेमतेम शंभरावा हिस्सा वीज आवाजात बदलतो, उरलेली उष्णता होऊन जाते. तेव्हा कमी विजेत जास्त आवाज हवा असेल तर शंकूपुढे कर्णा लावायचा. कर्णे आधीही होते, पण त्यांच्यातून आवाज नाकात बोलल्यासारखा येई. व्हॉइग्ट यांनी १९२६च्या सुमारास कर्ण्यासाठी ट्रॅक्ट्रिक्स नावाची वक्ररेषा निवडली. ही रेषा समजायला सोपी आहे. मूल दोरीला बांधलेली गाडी घेऊन भिंतीच्या कडेने सरळ चालत जातं. सुरुवातीला गाडी भिंतीपासून दूर, बाजूला असते आणि ओढली जाताजाता हळूहळू भिंतीकडे येते. गाडीच्या चाकांची धुळीत जी रेघ उमटते ती ट्रॅक्ट्रिक्स. या रेषेचा कर्णा तोंडाशी एकदम उमलतो.

१९३३मध्ये एडिसन बेलचा कारभार आटोपला. व्हॉइग्ट यांनी दक्षिण लंडनच्या सिडनममध्ये स्वतःची छोटी कंपनी थाटली आणि पुढच्या वर्षाच्या सुमारास घरगुती कोपरा-कर्णा आणला. हे प्रकरण मोठं मजेचं आहे. स्पीकर छताकडे तोंड करून बसवलेला, वर कर्णा, त्याच्या माथ्यावर आवाज खोलीत वळवणारा परावर्तक आणि खाली खर्जासाठी लाकडी पोकळी. सगळं खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचं, म्हणजे दोन भिंती आणि जमीन मिळून आवाजाला आपसूक पुढे ढकलतात. घराचा कोपराच वाद्याचा भाग केला म्हणा ना! आणि या सगळ्याच्या पोटात शंकू एकच. वरच्या सुरांसाठी मोठ्या शंकूच्या मध्यावर एक छोटा कागदी शंकू चिकटवलेला, पण वेटोळं एक, चुंबक एक. मोठा कागद थकला की धाकटा पुढे होतो.

एवढा आटापिटा कशासाठी? दोन तोंडांच्या स्पीकरमध्ये आवाजाची वाटणी करावी लागते. वेटोळी आणि कंडेन्सर घातलेला क्रॉसओव्हर खालचे सूर एकीकडे पाठवतो, वरचे दुसरीकडे. ही वाटणी पुष्कळदा दोन-तीन हजार कंपनांच्या आसपास होते, म्हणजे नेमकं जिथे आपला कान सगळ्यात तल्लख असतो तिथेच. कुशल कारागिराच्या हातून ती बेमालूम होते, हे कबूल केलं पाहिजे. पण ढिली झाली की गायिकेचा स्वर एका जागेवरून आणि तिच्या उच्चारातला 'स' वीतभर वरून येतो. मी शब्दांचा माणूस असल्याने मला हे जरा जास्तच खुपतं. कविसंमेलनात कर्ण्यांनी माझ्या ओळींची जी दशा केली आहे तिच्याविषयी पुन्हा कधीतरी.

व्हॉइग्ट यांच्या स्पीकरचं चुंबक विजेवर चालणारं, अवजड होतं. महायुद्धानंतर कायमस्वरूपी चुंबकं सुधारली आणि लंडनजवळच्या ब्रॉमलीतल्या लाउदर कंपनीत डोनाल्ड चेव्ह यांनी त्याच रचनेवर 'पीएम' मालिकेचे स्पीकर काढले. लाउदर कंपनी युद्धाआधीपासून व्हॉइग्ट यांच्याबरोबर काम करत होती. हे काम हाताचं. पातळ कागदी नळीच्या आतून एक आणि बाहेरून एक असं ॲल्युमिनियमच्या तारेचं वेटोळं गुंडाळायचं, ते चुंबकाच्या अगदी अरुंद फटीत कुठेही न घासता मधोमध बसवायचं. केसभर सरकलं तरी स्पीकर खरखरतो. मोठ्या कारखान्याला हे परवडणारं नव्हतं.

स्वतः व्हॉइग्ट मात्र १९५०मध्ये कॅनडाला निघून गेले आणि १९८१मध्ये वारले. रचना त्यांची, पण शौकिनांच्या तोंडी नाव राहिलं ते लाउदरचं. हे मला लागतं.

इंग्लंडमध्येच दुसरा पक्षही होता. यॉर्कशायरच्या इल्कली गावात गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९३२मध्ये घराच्या तळघरात वार्फडेल स्पीकर बनवायला घेतले. तेही हातानेच. पण १९४५च्या सुमारास त्यांनी दोन तोंडांची वाट धरली, आणि जग त्यांच्याच वाटेने गेलं. १९५८नंतर स्टिरिओच्या तबकड्या आल्या; एका घरात दोन मोकळे कोपरे आणायचे कुठून? ट्रान्झिस्टरमुळे वॉट स्वस्त झाले. कमी विजेत भरपूर आवाज, या गुणाला गिऱ्हाईक उरलं नाही.

जपानने मात्र ही कला टिकवली. मित्सुबिशीच्या डायटोन विभागाचा सोळा सेंटीमीटरचा पी-६१० हा साधा एकशंकू स्पीकर तिथे अनेक दशकं विकला गेला. तेत्सुओ नागाओका हे लेखक सामान्य वाचकांसाठी प्लायवूडच्या पेट्यांचे आराखडे छापत. त्यांच्या 'स्वान'ला खरोखरच हंसासारखी उंच मान होती, डोक्यात एकुलता दहा सेंटीमीटरचा शंकू आणि पोटात दुमडलेला लांब कर्णा. नागाओका २०००मध्ये गेले, पण ते आराखडे घेऊन माणसं अजून करवत चालवतात. १९९०च्या दशकात थोड्या वॉटच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा शौक परतला, आणि त्यांच्यामागोमाग लाउदरचे स्पीकरही.

माझ्या मिरजेच्या मित्राने तसाच एक आराखडा मिळवून सुताराकडून पेट्या करून घेतल्या. सुतार पहिल्या दिवशी म्हणाला, "एवढं मोठं खोकं, आत सात पडदे, आणि स्पीकर एवढुसाच? साहेब, उरलेले कधी आणणार?" पेट्या बनल्या, आणि खोडीही कळल्या. वरचे सूर सरळ रेषेत सुटतात, त्यामुळे ऐकायला खुर्ची एकच. शेजारी बसलेल्याला अर्धंच गाणं. एखाद्या पट्टीवर गायिका अंगावर धावून आल्यासारखी वाटते. ऑर्केस्ट्रा लावला तर सगळे वादक एका जिन्यात कोंबल्यासारखे. दोन तोंडांवाले हसतात ते उगाच नाही.

मग त्याने अब्दुल करीम खाँसाहेबांची ओडियनची एक तबकडी लावली, १९३०च्या दशकातली, म्हणजे व्हॉइग्ट कोपरा-कर्णा घडवत होते त्याच वर्षांच्या आसपासची. त्या तबकडीत फार खालचं काही नाही, फार वरचंही नाही. जे आहे ते सगळं मधलं आहे, आणि मध्ये आवाज आहे. खाँसाहेबांचा तो बारीक, किंचित कापरा स्वर दोन पेट्यांच्या मधोमध उभा राहिला. स्वरावर यायच्या आधी घेतलेला श्वास ऐकू आला. डग्गा जवळजवळ नव्हताच. मित्राने विचारलं, "डग्गा कमी वाटतो का रे?" मी हो म्हणालो. तीन मिनिटं संपली, सुई खरखरू लागली, आणि तो तबकडी उलटवायला उठला.