कॉलेजचा खेळाडू ड्राफ्टमध्ये कितवा जाणार? एका भाकिताचा इतिहास

पीएच.डी.च्या पहिल्या प्रगती सादरीकरणात एक प्रश्न हमखास येतो: तुमचा अवलंबी चल, म्हणजे तुमचा ‘वाय’, नेमकं काय मोजतो? बहुतेक जण पाठ केलेली व्याख्या सांगून मोकळे होतात. आज या प्रश्नाचा थोडा इतिहास बघू. त्यासाठी उदाहरण घेतलंय अमेरिकन फुटबॉलचं. खेळ माहीत नसला तरी काही अडत नाही. मलाही त्यातले सगळे नियम येत नाहीत.

आधी एवढंच समजून घ्या. अमेरिकेतल्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंचा आयपीएलसारखा लिलाव होत नाही, ड्राफ्ट होतो. मागच्या हंगामात सगळ्यात खराब खेळलेला संघ पहिला खेळाडू निवडतो, मग त्याच्या वरचा, असं करत विजेता शेवटी. आज 32 संघ आणि सात फेऱ्या, म्हणजे अडीचशेच्या आसपास निवडी होतात. खेळाडू कितव्या क्रमांकावर जाणार याचं भाकीत करणं हा तिकडे एक स्वतंत्र धंदाच आहे. आपल्याकडच्या डेटा सायन्सच्या प्रोजेक्टमध्येही हा विषय अधूनमधून दिसतो, कारण डेटा फुकट मिळतो आणि आकडे स्वच्छ असतात. वजन, उंची, धावण्याचा वेळ, निवडीचा क्रमांक. रिग्रेशन लावा की झालं.

पण तो क्रमांक नेमका कशाचा आहे?

ड्राफ्टची कल्पना मांडली बर्ट बेल यांनी. ते फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक. 1935 च्या हंगामात त्यांचा संघ दोन सामने जिंकला आणि नऊ हरला. श्रीमंत संघ चांगली मुलं आधीच घेऊन जात, म्हणून बेलनी उलट्या क्रमाची युक्ती सुचवली. ती मान्य झाली आणि 8 फेब्रुवारी 1936 रोजी फिलाडेल्फियातल्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. नऊ संघ, नऊ फेऱ्या, 81 खेळाडू. फळ्यावर नव्वदेक नावं लिहिलेली होती. आजच्यासारखी खेळाडू हेरणारी यंत्रणा कुणाकडेच नव्हती. वर्तमानपत्रातली कात्रणं, ओळखीच्या प्रशिक्षकाला केलेला फोन आणि ऐकीव कीर्ती, एवढाच डेटा.

पहिली निवड अर्थातच ईगल्सची. त्यांनी घेतला शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर. पुढे हाइजमन या नावाने प्रसिद्ध झालेल्या पारितोषिकाचा तो पहिला मानकरी. पण त्याचा पगार परवडणार नाही म्हणून ईगल्सने त्याचे हक्क शिकागो बेअर्सला देऊन टाकले. बेअर्सच्या जॉर्ज हालास यांच्याशीही पैशांवरून जमलं नाही. बरवँगर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. म्हणजे ड्राफ्टच्या इतिहासातल्या पहिल्याच नोंदीत ‘निवड क्रमांक’ हा रकाना भरलेला आणि ‘कामगिरी’ हा रकाना रिकामा! दोन वेगळे वाय पहिल्या दिवसापासूनच वेगळे होते.

आता त्या फळ्यावर कोण नव्हतं ते बघा. 1934 ते 1945 या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लेखी नियम कुठेच नव्हता, मालकांची आपापसातली समजूत होती. ड्राफ्टमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू निवडला गेला तो 1949 मध्ये: इंडियाना विद्यापीठाचा जॉर्ज टॅलिफेरो, तोही तेराव्या फेरीत. म्हणजे पहिल्या तेरा ड्राफ्टमध्ये असा एकही नाही.

समजा, 1936 ते 1948 चा डेटा मी तुम्हाला दिला आणि भाकीत करणारं मॉडेल मागितलं. ‘खेळाडू कृष्णवर्णीय असेल तर निवड नाही’ हा एक ओळीचा नियम त्या गटासाठी शंभर टक्के अचूक ठरेल. एकही चूक निघणार नाही. आणि खेळाडूच्या गुणांबद्दल तो नियम काहीच सांगणार नाही. तो सांगतो ते मालकांबद्दल. मला विचाराल तर अचूकतेचा आकडा मिरवणाऱ्या कुठल्याही पेपरसमोर हे उदाहरण ठेवून बघावं.

त्याच 1949 मध्ये लुइझियानातल्या ग्रँब्लिंग या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या कॉलेजातला पॉल यंगर, टोपणनाव ‘टँक’, कुणीच निवडला नाही. ड्राफ्ट संपल्यावर लॉस एंजेलिस रॅम्सने त्याला करारावर घेतलं. अशा कॉलेजातून एनएफएलमध्ये आलेला तो पहिला खेळाडू. पुढे तो चार वेळा प्रो बोलमध्ये, म्हणजे तिथल्या तारांकित सामन्यात खेळला. तुमच्या फाइलमध्ये फक्त ड्राफ्ट झालेले खेळाडू असतील तर टँक यंगर त्यात नसेलच. ही ‘चुकून राहिलेली’ नोंद नव्हे. राहण्यामागे कारण आहे, आणि ते कारण तुमच्या प्रश्नाशी जोडलेलं आहे. संख्याशास्त्राच्या पुस्तकात ‘मिसिंग डेटा’चं प्रकरण येतं तेव्हा हे आठवा.

यापुढची गोष्ट माझी आवडती. तिच्यात एक भारतीय माणूस आहे.

1960 मध्ये डॅलस काउबॉइज हा नवा संघ सुरू झाला. त्याचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम आधी सीबीएस वाहिनीत होते. स्क्वॉ व्हॅलीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये आयबीएमची यंत्रं निकालांचे हिशेब करताना त्यांनी पाहिली होती. खेळाडू निवडायलाही हे यंत्र वापरता येईल का, म्हणून ते आयबीएमच्या एका उपकंपनीकडे गेले. तिथे हे काम आलं सलाम कुरेशी या तरुण संख्याशास्त्रज्ञाकडे. कुरेशी अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकलेले. क्रिकेट त्यांना माहीत होतं, अमेरिकन फुटबॉल अजिबात नाही. आणि प्रशिक्षकांना संगणक माहीत नव्हता. आंतरविद्याशाखीय संशोधन यालाच म्हणतात बहुधा.

कुरेशींनी प्रशिक्षक आणि स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारी माणसं, यांना विचारायला सुरुवात केली: चांगला खेळाडू म्हणजे काय? उत्तरांमधून तीनशेच्या आसपास गुणधर्म निघाले. ते गाळत गाळत त्यांनी पाचांवर आणले: चारित्र्य, चपळाई आणि शरीरावरचा ताबा, स्पर्धावृत्ती, बौद्धिक तल्लखपणा, आणि ताकद व स्फोटकता. खरी अडचण मात्र संगणकाची नव्हती, शब्दांची होती. एक स्काउट ‘फार चपळ’ लिहितो आणि दुसरा ‘बरा चपळ’ लिहितो, तेव्हा दोघांना एकच अभिप्रेत असेल की नाही? म्हणून त्यांनी वर्णनात्मक अहवाल बाजूला ठेवून प्रश्नावली बनवली. ठरलेली विधानं, आणि प्रत्येकासमोर 1 ते 9 पैकी एक आकडा. कोणता स्काउट सढळ हाताने गुण देतो आणि कोणता हात आखडतो, हेही हिशेबात घ्यायचं होतं. आपण प्रश्नावली तयार करताना रेटरमधला फरक तपासतो, तेच काम. फक्त साठच्या दशकात आणि पंच कार्डांवर.

खर्च मोठा होता, म्हणून काउबॉइजने रॅम्स आणि सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स यांना भागीदार करून घेतलं. 1969 मध्ये डॅलसने 24 व्या क्रमांकावर येल विद्यापीठाचा कॅल्व्हिन हिल घेतला. येलसारख्या पुस्तकी विद्यापीठातला खेळाडू पहिल्या फेरीत, म्हणून लोक चकित झाले. हिल त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला आणि श्रेय संगणकाला मिळालं. 1966 पासून 1985 पर्यंत सलग वीस हंगाम काउबॉइज हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकत राहिले.

इथे जरा थांबा. संगणकामुळे ते जिंकले, असं म्हणण्याआधी तुलनेचा गट शोधा. तो समोरच आहे: उरलेले दोन भागीदार. यंत्र तेच, प्रश्नावली तीच, पण अशी वीस वर्षं त्यांच्या वाट्याला आली नाहीत. मग श्रेय कशाचं? यंत्राचं, छापून आलेली यादी वाचणाऱ्या गिल ब्रँट या डॅलसच्या मुख्य स्काउटचं, की प्रशिक्षक टॉम लँड्री यांचं? या डेटावरून ते वेगळं काढता येत नाही. कुरेशींचं खरं काम मोजमापाचं होतं आणि ते पक्कं होतं. चमत्काराची गोष्ट नंतर चिकटली.

त्यांच्या पद्धतीची एक मर्यादाही होती. जो अहवाल आलाच नाही त्यावर संगणक काय करणार? ही बाजू पकडली पिट्सबर्गच्या एका पत्रकाराने. बिल नन हे ‘पिट्सबर्ग कूरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्राचे क्रीडा संपादक. 1950 पासून ते दरवर्षी कृष्णवर्णीय कॉलेजांतल्या सर्वोत्तम खेळाडूंचा संघ जाहीर करत. त्यासाठी दक्षिणेतल्या गावोगावी फिरून प्रशिक्षकांशी बोलत. बाकीचे स्काउट जिथे फिरकतही नसत तिथे यांचं घरच्यासारखं येणं-जाणं. 1967 मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सने त्यांना अर्धवेळ आणि दोन वर्षांनी पूर्णवेळ कामावर घेतलं.

मग बघा. 1969 ला दहाव्या फेरीत एल. सी. ग्रीनवुड. 1970 ला तिसऱ्या फेरीत मेल ब्लाउंट. 1974 ला चौथ्या फेरीत, 82 व्या क्रमांकावर, अलाबामा ए अँड एमचा जॉन स्टॉलवर्थ. आणि त्याच वर्षी कुणीच न निवडलेला साउथ कॅरोलायना स्टेटचा डॉनी शेल, ज्याला स्टीलर्सने ड्राफ्टनंतर बोलावून घेतलं. यातले ब्लाउंट, स्टॉलवर्थ आणि शेल पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. स्टीलर्सने सहा हंगामांत चार सुपर बोल जिंकले. 2021 मध्ये नन यांनाही हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं, पण तोवर ते हयात नव्हते.

कुरेशींनी जमलेला डेटा स्वच्छ केला, ननांनी नमुनाच मोठा केला. दोन्हींपैकी एकच करायला मिळालं तर मी ननांचा रस्ता धरीन. त्यात प्रवासभत्ता मिळत नाही, हा भाग वेगळा.

1982 नंतरचा भाग भराभर सांगतो. त्या वर्षी टँपामध्ये खेळाडूंची एकत्रित चाचणी सुरू झाली. 1987 पासून ती इंडियानापोलिसला होते. चाळीस यार्ड धावणं, उड्या, वजन उचलणं. बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची वंडरलिक नावाची बुद्धिचाचणीसुद्धा तिथे अनेक वर्षं होती. आज प्रोजेक्टसाठी मिळणारा डेटा बहुतेक वेळा इथलाच असतो. 1980 मध्ये ईएसपीएनने ड्राफ्ट टीव्हीवर दाखवायला सुरुवात केली आणि भाकीत सांगणाऱ्यांना प्रेक्षक मिळाला. मेल काइपर टीव्हीवर प्रसिद्ध झाले. ब्रुकलिनच्या एका फ्लॅटमध्ये बसून जोएल बुक्सबॉम खेळाडूंच्या नोंदी लिहीत राहिले आणि संघांचे अधिकारीही त्या वाचत. म्हणजे भाकीत करणाऱ्याचं मत निवड करणाऱ्याच्या टेबलावर पोहोचू लागलं. असं झालं की भाकीत ‘बरोबर आलं’ याचा अर्थ थोडा बदलतो, नाही का?

अर्थशास्त्रज्ञ या विषयात शिरले ते साधारण याच टप्प्यावर. डेव्हिड बेरी आणि रॉब सिमन्स यांनी 2011 मध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा चेंडू फेकणारा सूत्रधार, या एकाच जागेचा अभ्यास छापला. उंची, वंडरलिकचे गुण, धावण्याचा वेळ यांचा निवडीच्या क्रमांकाशी संबंध दिसतो, पण मैदानावरच्या पुढच्या कामगिरीशी तो फारच क्षीण. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (तेच, 2017 चे नोबेलवाले) यांनी 2013 च्या पेपरमध्ये आणखी साधा प्रश्न विचारला. एकाच जागेवर खेळणारे दोघे, एक आधी निवडलेला आणि दुसरा त्याच जागेसाठी लगेच नंतर निवडलेला. आधीचा नंतरच्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता किती? सामन्यात पहिल्यापासून उतरण्याच्या मापाने उत्तर आलं 52 टक्के. नाणं उडवलं तर 50.

आणि हे मापही पूर्ण निष्पक्ष नाही. ज्याच्यावर महागडी निवड खर्च केली त्याला संघ जास्त संधी देतो. बास्केटबॉलमध्ये स्टॉ आणि होआंग यांनी 1995 मध्येच दाखवलं होतं की वरच्या क्रमांकावर निवडलेल्यांना, कामगिरीचा फरक वजा केला तरी, जास्त वेळ खेळवतात आणि उशिरा काढतात. म्हणजे निवड क्रमांक हा कामगिरीचा अंदाज असतोच, शिवाय थोडाफार तिचं कारणही असतो.

म्हणून ‘कितवा जाणार’ हे भाकीत म्हणजे 32 खोल्यांत बसलेल्या माणसांच्या मनाचं भाकीत. ते अवघड आहे आणि अभ्यासायला योग्यही आहे, फक्त त्याला ‘प्रतिभेचं मॉडेल’ म्हणू नका. त्या खोल्यांतलं बाहेर किती कमी कळतं ते अलीकडे दोनदा दिसलं. 2023 मध्ये इंटरनेटवरच्या एका निनावी पोस्टवरून विल लेव्हिस पहिलाच निवडला जाणार अशी हवा झाली आणि सट्टेबाजीचे भावसुद्धा हलले. पहिला गेला ब्राइस यंग. लेव्हिस पहिल्या फेरीत गेलाच नाही, दुसऱ्या दिवशी 33 वा गेला. 2025 मध्ये शेडर सँडर्सला अनेक जाणकारांनी पहिल्या फेरीत धरलं होतं. तो पाचव्या फेरीत, 144 व्या क्रमांकावर क्लीव्हलंड ब्राउन्सकडे गेला. त्याच ब्राउन्सने त्याच्या आधी, 94 व्या क्रमांकावर, डिलन गेब्रियल हा दुसरा क्वार्टरबॅक घेऊन ठेवला होता.