बाबांसाठी चार ओळी
जून महिन्यातील तिसरा रविवार ‘फादर्स डे’ म्हणून साजरा होतो. त्यानिमित्त सहा-सात वर्षांच्या मुलांकडून कविता लिहून घेताना ‘थोर’, ‘प्रेमळ’ अशी तयार विशेषणे त्यांना पुरवू नयेत. बाबा घरी आल्याचे कोणत्या आवाजावरून कळते, असे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे मुलांच्याच शब्दांत टिपावीत. यमकाचा आग्रह नसावा. ताल हवा असल्यास आठ अक्षरांची ओळ टाळ्यांवर मोजावी; जोडाक्षर एकच धरावे. उदाहरणार्थ, ‘चावी त्यांची दारी वाजे’. वडील जवळ नसलेल्या मुलाला आजोबा, मामा किंवा काकांवर लिहिता येईल. मात्र ती निवड त्याचीच असावी. मोठ्यांनी शुद्धलेखन सुधारावे, मुलाची ओळ बदलू नये.