टॅबलेटची तीन दारे : सिंप्युटर, आकाश आणि देवनागरी

१/१२
केळापूर तालुक्याचे ठाणे असलेल्या पांढरकवड्यासारख्या गावात टॅबलेट घरी येतो तो बहुधा मुलांच्या अभ्यासासाठी. खरेदीच्या वेळी तुलना होते ती किंमत, पडदा आणि बॅटरीची. इतिहास मात्र वेगळ्याच कसोट्या दाखवतो. टॅबलेटला काय जोडता येते? त्यावर कोणती संकेतस्थळे उघडतात? आणि उघडलेले पान आपल्या लिपीत वाचता येते का? या तीन दारांचा हा इतिहास.

२/१२
आरंभ भारतातच शोधता येतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर यांनी मिळून ‘सिंप्युटर’ घडवला. त्याचा नमुना २००१ मध्ये लोकांसमोर आला. हातात मावणारे, लेखणीने चालणारे हे यंत्र भारतीय भाषांत मजकूर वाचूनही दाखवी. त्याला स्मार्ट कार्डाची खाच होती. गावाने एक यंत्र घ्यावे आणि प्रत्येकाने आपली माहिती आपल्या कार्डावर बाळगावी, ही त्यामागची कल्पना. जोडणीच्या उपकरणाचा इतका सामाजिक विचार त्या काळी क्वचितच झाला असेल.

३/१२
दुसरे दार मात्र अरुंद राहिले. सिंप्युटरसाठी ‘आयएमएल’ नावाची स्वतंत्र मांडणी-भाषा रचण्यात आली होती. साऱ्या जगाची पाने एचटीएमएलमध्ये लिहिली जात असताना या यंत्रासाठी मजकूर निराळा घडवावा लागणार होता, आणि तो घडवणारे हात थोडे होते. २००४ मध्ये ‘अमिडा’ या नावाने तो बाजारात आला. किंमत सुमारे १०,००० रुपयांपासून पुढे. विक्री काही हजारांवरच थांबली. अपयशाची कारणे अनेक होती, तरी सामायिक वेबपासूनचे अंतर हे त्यांतले एक ठळक कारण मानावे लागते.

४/१२
एप्रिल २०१० मध्ये ॲपलचा आयपॅड विक्रीस आला. त्याला यूएसबीचे छिद्र नव्हते. होती ती ३० टाचण्यांची, फक्त ॲपलची जोडणी. कॅमेऱ्यातील छायाचित्रे घ्यायची तर वेगळा जोड विकत घ्यावा लागे. त्याच जोडातून काही कळफलकही चालतात, हे लोकांनी शोधून काढले. पुढे आयओएस ४.२ या आवृत्तीत त्या छिद्रातून मिळणारी वीज १०० वरून २० मिलिअँपिअरवर आणली गेली आणि काल चालणारी कित्येक उपकरणे आज बंद पडली. उपकरण जुनेच होते, बदलला होता तो नियम. जोडणीचे दार कंपनीच्या हाती असणे म्हणजे काय, ते इथे दिसते.

५/१२
वेबच्या दारावरही वाद पेटला. त्या काळी चित्रफिती, खेळ आणि शैक्षणिक संचांचा मोठा भाग ‘फ्लॅश’वर चाले. आयपॅडवर फ्लॅश नव्हते. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून त्यामागची कारणे मांडली : सुरक्षितता, बॅटरीचा खर्च, स्पर्शाच्या पडद्याला न शोभणारी रचना आणि एकाच कंपनीच्या मालकीचे तंत्र. प्रतिस्पर्ध्यांनी हीच उणीव हेरली. ब्लॅकबेरीचा प्लेबुक आणि एचपीचा टचपॅड यांनी २०११ मध्ये ‘आमच्याकडे फ्लॅश चालते’ असे सांगून बाजारात पाऊल टाकले. टचपॅड अवघ्या सात आठवड्यांत गुंडाळला गेला. नोव्हेंबर २०११ मध्ये अडोबीनेच मोबाइलवरील फ्लॅशचा विकास थांबवला.

६/१२
मायक्रोसॉफ्टचा सरफेस आरटी (२०१२) याच्या उलट टोकाला होता. त्याला पूर्ण आकाराचे यूएसबी छिद्र होते. पेनड्राइव्ह आणि माऊस सहज जोडता येत. पण विंडोजचे जुने प्रोग्रॅम त्यावर बसत नव्हते. २०१३ मध्ये कंपनीने त्यापोटी ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवला. एक दार सताड उघडे ठेवले म्हणून दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

७/१२
आता ‘आकाश’. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांच्या उपस्थितीत तो सादर झाला. निर्माती डेटाविंड, देखरेख आयआयटी राजस्थानची. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, अँड्रॉइड २.२. आयपॅडशी तुलना केली की एक गंमत दिसते : महागड्या आयपॅडला नसलेली पूर्ण आकाराची यूएसबी छिद्रे या स्वस्त टॅबलेटला होती, तीही दोन. पण पडदा दाब देऊन चालणारा, आणि गूगलच्या ॲप बाजाराऐवजी ‘गेटजार’ हे दुकान. जोडणीचे दार मोठे होते. त्यातून आत आलेले मात्र पेलत नव्हते.

८/१२
पुढची आवृत्ती आयआयटी मुंबईकडे आली. प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने घडलेला ‘आकाश २’ राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ११ नोव्हेंबर २०१२ रोजी प्रकाशित झाला. पडदा हलक्या स्पर्शाचा, प्रणाली अँड्रॉइड ४.०, सरकारी खरेदीची किंमत २,२६३ रुपये. सी, पायथन आणि सायलॅब यांचे धडे टॅबलेटवरच गिरवता यावेत म्हणून मुंबईच्या चमूने खास ॲप लिहिले. हा बदल महत्त्वाचा होता. वाचण्या-पाहण्याचे यंत्र लिहिण्याचे यंत्र व्हावे, हा त्यामागचा विचार.

९/१२
तिसरे दार लिपीचे. २००० च्या दशकाच्या आरंभी मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापले फाँट वापरत; फाँट उतरवून घेतला नाही तर बातमीऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसत. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण आरंभीच्या अँड्रॉइडमध्ये तिचा फाँटच नव्हता. मराठी पान उघडले की रिकामे चौकोन. त्यावर तोडगा म्हणून अनेकांनी ऑपेरा मिनीची एक सुविधा चालू केली. तीत अक्षरे सर्व्हरवर चित्ररूप होऊन येत. वाचता येई, पण शब्द निवडता येत नसे. अँड्रॉइडच्या चौथ्या मालिकेत हे टप्प्याटप्प्याने सुधारले. ‘ॲप’मधला ‘ॲ’ हा स्वतंत्र वर्ण तर युनिकोडमध्ये २००८ सालीच दाखल झाला. त्याआधीच्या प्रणालींत तो शब्द नीट उमटणेही अवघड होते.

१०/१२
पांढरकवड्याच्या परिसरात प्रश्न मराठीवर संपत नाही. येथे गोंडी आणि कोलामी बोलणारी कुटुंबे आहेत. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद जिल्हा लागतो. त्यातील गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांमुळे गुंजाळा गोंडी लिपी अभ्यासकांसमोर आली. २०१७ मध्ये मसराम गोंडी आणि २०१८ मध्ये गुंजाळा गोंडी युनिकोडमध्ये समाविष्ट झाली. म्हणजेच त्यापूर्वी बनलेल्या, नंतर अद्ययावत न झालेल्या टॅबलेटवर या लिप्या चौकोन म्हणूनच दिसणार. मराठी वाचकाने २०११ मध्ये जे सोसले, ते गोंडी वाचकाच्या वाट्याला आणखी काही वर्षे राहिले.

११/१२
दारे पुढे हळूहळू रुंदावली. २०१९ च्या आयपॅडओएस १३ ने बाहेरील ड्राइव्ह आणि संगणकासारखी संकेतस्थळे दाखवणारा ब्राउझर दिला. २०२० मध्ये माऊस व ट्रॅकपॅडला पूर्ण आधार मिळाला. २८ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात टॅबलेटला यूएसबी-सी सक्तीचे झाले. पण वेब स्वतःही बदलते. सुरक्षित संकेतस्थळांची ओळख पटवणारी प्रमाणपत्रे नवी होतात आणि जुन्या यंत्रांना ती ओळखता येत नाहीत. अँड्रॉइड ७.१ च्या आधीच्या यंत्रांसाठी ‘लेट्स एन्क्रिप्ट’ने ठेवलेली तात्पुरती सोय २०२४ मध्ये संपली. बॅटरी शाबूत, पडदा शाबूत, तरी क्रोममध्ये पाने उघडेनात. आपली प्रमाणपत्रे स्वतःबरोबर बाळगणारा फायरफॉक्स अशा वेळी काही जुन्या टॅबलेटना उपयोगी पडला.

१२/१२
आज या इतिहासाचे ओझे विद्यार्थ्यांवर आहे. महाज्योती ही राज्य शासनाची संस्था इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी टॅबलेट आणि रोजचा ६ जीबी डेटा देते. अभ्यास बोटाने होतो. एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन या परीक्षा मात्र संगणकावर, माऊस हाती धरून द्याव्या लागतात. ओटीजी जोड आणि साधा माऊस ही तेव्हा चैन राहत नाही. ज्या घरात संगणक नाही, तिथे परीक्षेचा सराव करण्याचे तेच साधन ठरते. म्हणून टॅबलेट निवडताना किमतीसोबत तीन प्रश्न विचारावेत : माऊस व पेनड्राइव्ह जोडता येतात का, प्रणाली किती वर्षे अद्ययावत होणार आहे, आणि घरातली भाषा त्यावर नीट उमटते का. सिंप्युटर आणि आकाश यांच्या कर्त्यांचा हेतू प्रामाणिक होता. स्वस्त यंत्र सामान्य घरात पोहोचावे, हे त्यांचे स्वप्न होते. यंत्र घरात पोहोचल्यावर त्याने बाहेरच्या जगाशी जोडलेलेही राहावे, हे काम त्यांच्यानंतरच्या पिढीकडे आले आहे.